मर्व्ह हॉस्किंगच्या नावावरचे हिट

गिडगेरी गावच्या कौन्सिलचा नवा मुख्याधिकारी ॲलिस्टर पिम सिडनीहून आला, तो दोन वस्तू घेऊन आला. एक कॉफीचं यंत्र, आणि दुसरी, कचेरीतलं कोण इंटरनेटवर काय बघतं याचा दर शुक्रवारी आपोआप अहवाल काढणारी एक प्रणाली. कॉफीच्या यंत्राबद्दल कुणाची काही तक्रार नव्हती.

पहिला अहवाल छापून त्याने नोएलीन ट्रास्कच्या टेबलावर ठेवला. नोएलीन कौन्सिलची कार्यालय-व्यवस्थापक. बाई सत्तावन्न वर्षांची, उंचपुरी, आणि आवाज असा की मागच्या अंगणात फोनवर बोलली तरी रस्त्यापलीकडच्या पोस्टात ऐकू जावं. कुठल्या रस्त्याला दरवर्षी किती खडी लागते, कुणाच्या मेंढ्या कुणाच्या कुंपणातून घुसतात आणि कुठला सदस्य कुठल्या सदस्याशी कधीपासून बोलत नाही, हे तिला तोंडपाठ. संगणकाशी मात्र तिचं नातं सासू-सुनेसारखं होतं. एका छपराखाली राहायचं, कामापुरतं बोलायचं.

"शेवटचं पान आधी बघा," पिम म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर वाईट बातमी सांगायला मिळाल्याचं दबलेलं समाधान होतं.

शेवटच्या पानावर एक रंगीत चकती होती, जणू कुणी केक कापून ठेवलाय. त्यातला अर्ध्याहून मोठा तुकडा गुलाबी. खाली लिहिलं होतं: सर्वाधिक वापर, एम. हॉस्किंग, रस्ते विभाग. प्रकार, प्रेम आणि जोडीदार. हिट, चार हजारांवर. ब्राउझिंगचा वेळ, दिवसाला सरासरी सात तास.

नोएलीनने चष्मा काढला, ब्लाउजच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला. गुलाबी तुकडा होता तेवढाच राहिला.

"आपल्याकडे दुसरा कुणी एम. हॉस्किंग आहे का?" पिमने विचारलं.

"एकच आहे. आणि तोही जेमतेम."

मर्व्ह हॉस्किंग रस्ते विभागाचा मुकादम. साठी ओलांडलेला, खांद्याने रुंद आणि तोंडाने मुका म्हणावा असा. बायको जॉइस जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून तो डांबर, खडी आणि कुत्रा यांच्याशीच काय ते बोलायचा. दर गुरुवारी कामाचे कागद घेऊन डेपोतून कचेरीत यायचा, नोएलीनच्या समोरच्या खुर्चीत बसायचा, चहाबरोबर दोन बिस्किटं खायचा, "गरम आहे" किंवा "वारा आहे" म्हणायचा आणि उठून जायचा. नोएलीनचा नवरा रॉस फार पूर्वीच कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्या एका बाईबरोबर क्वीन्सलँडला निघून गेला होता. तेव्हापासून पुरुष या विषयावर तिने पडदा टाकला होता. फक्त गुरुवारची बिस्किटं ती घरून, चांगल्यातली आणायची. का, ते तिने स्वतःलासुद्धा कधी विचारलं नव्हतं.

"म्हणजे हा माणूस," ती सावकाश म्हणाली, "आठवड्यात चार हजार वेळा बायका शोधतो?"

"आकडे तेच सांगतात."

"मग श्वास कधी घेतो?"

पिमला विनोद कळत, पण ते आधी लेखी सूचना देऊन केलेले असावे लागत. "लेखी ताकीद द्यावी लागेल," तो म्हणाला. "पुढल्या पंधरवड्याच्या सभेपुढे विषय घेऊ. तसा अहवाल सगळ्या सदस्यांना ईमेलने गेलेलाच आहे. आपोआप जातो. पारदर्शकता."

"गेला?" नोएलीन उभी राहिली. "अहो पिम, नऊ सदस्यांना गेला म्हणजे नऊशे माणसांना गेला. गावात आहेतच तेवढी."

तो गेल्यावर ती बराच वेळ त्या गुलाबी तुकड्याकडे बघत बसली. रागच आला होता तिला. आणि राग कसला, तर तो कामचुकारपणाचा नव्हताच. चार हजार वेळा जगातल्या बायकांच्या दारात उभं राहायचं, आणि समोर बसलेल्या बाईला काय, तर 'वारा आहे'! तिने बिस्किटांचा डबा उघडला, दोन खाल्ली आणि उरलेली समोरच्या काउंटरवरच्या ग्लेनिसला देऊन टाकली.

ग्लेनिस कौन्सिलच्या काउंटरवर बसायची. कुत्र्यांचे परवाने देणं हे तिचं नोकरीतलं काम, आणि गावात काय चाललंय ते गावाला सांगणं हे तिचं खरं काम. "अगं, मला तर विश्वासच बसत नाही," बिस्किट खात ती म्हणाली, आणि विश्वास बसत नसल्याचं सांगायला तिने दुपारपर्यंत अकरा फोन केले.

शनिवार-रविवार मर्व्हला गावाने जे काही ऐकवलं, त्यातलं अक्षरही त्याला कळलं नाही. त्याच्या डोक्यात एकच विषय होता. टॅलो क्रीकच्या रस्त्यावरची मोरी खचली होती, ती बांधून वर डांबर टाकायचं होतं. बेकरीत मालकाने त्याचा हात हातात घेतला. "मर्व्ह, या वयात हिंमत लागते."

"खडी बरी मिळाली," मर्व्ह म्हणाला.

"जमेल हं, नक्की जमेल."

"पाऊस नाही आला तर."

बेकरीवाल्याने रात्री बायकोला सांगितलं की मर्व्ह दिसतो तेवढा साधा नाही, उपमा देऊन बोलतो. चर्चबाहेर एका बाईने आपल्या नणंदेचा फोन नंबर त्याच्या खिशात घातला. ती नणंद मुरूम पुरवते असं समजून मर्व्हने सोमवारी तिला फोन केला आणि दोन ट्रक मागितले. नणंदेने फोन आपटला.

सोमवारी सकाळी नोएलीन अहवाल पुन्हा चाळत होती. कुणाला ताकीद द्यायची तर ती नीट द्यावी, असा तिचा खाक्या. दुसऱ्या पानावर वारानुसार तक्ता होता. बुधवारी मर्व्ह सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत अखंड 'प्रेम आणि जोडीदार'मध्ये होता.

बुधवारी?

बुधवारी तर मर्व्ह तिच्याबरोबर होता! त्या खचलेल्या मोरीचा खर्च ठरवायला ती स्वतः त्याच्या पिकअपमधून टॅलो क्रीकला गेली होती. दिवसभर अंगावरच्या माशा हाकलत दोघं मोरीत उतरून मापं घेत होते. तिथे फोनलासुद्धा रेंज नाही. तिने आणलेल्या अंड्याच्या सँडविचमधलं अर्धं त्याने खाल्लं होतं, आणि "अंडं चांगलं आहे" असं म्हणाला होता. ते वाक्य तिला जरा जास्तच लक्षात राहिलं होतं.

एकतर गिडगेरीत दोन मर्व्ह होते, किंवा हा कागद थापा मारत होता. नोएलीनने गाडीची किल्ली उचलली आणि डेपो गाठला.

डेपोत चहाच्या भांड्याशेजारी, खिळ्यांच्या डब्यांच्या मध्ये, फळीवर कौन्सिलचा संगणक होता. त्याच्या कळांवर इतकी धूळ होती की त्यात भेंडी लावता आली असती. पडद्यावर पावसाचं रडार दिसत होतं. दर काही मिनिटांनी पान आपलं आपण ताजं व्हायचं आणि ढग बोटभर पुढे सरकायचे.

"हे काय आहे?" नोएलीनने विचारलं.

"ढग," मर्व्ह म्हणाला. "डांबर टाकायच्या आधी बघतो."

"आणि बंद कधी करतोस?"

मर्व्हने जरा विचार केला. "बंद करायचं असतं?"

रडारच्या उजव्या बाजूला एक सोनेरी केसांची बाई दात दाखवून हसत होती. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: तुमच्या भागातल्या एकट्या स्त्रिया तुमची वाट बघत आहेत. पान ताजं झालं. सोनेरी केसांच्या जागी काळ्या केसांची आली. वाट बघणं चालूच.

"ही कोण?"

"माहीत नाही. असते."

"असते म्हणजे?"

"बदलत असते. मी नाही बघत तिच्याकडे." त्याने पडद्याच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. "पाऊस इकडून येतो."

नोएलीनला एकदम इतकं हलकं वाटलं की तिला स्वतःचाच संशय आला. तिने आवाज चढवला. "कळा पूस जरा, घाण झाल्यात!" आणि दार आपटून निघाली.

कचेरीत येऊन तिने प्रणालीवाल्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडे फर्गस नावाचा एक मनुष्य होता. रोज हेच सांगून त्याचा घसा थकलेला दिसत होता.

"हिट म्हणजे भेट नव्हे, बाई," तो म्हणाला. "एक पान उघडलं की त्यातलं प्रत्येक चित्र, प्रत्येक जाहिरात स्वतंत्रपणे मागवली जाते. ती प्रत्येक मागणी म्हणजे एक हिट. जाहिरात ज्या ठिकाणाहून येते त्या ठिकाणाच्या नावावर ती मांडली जाते."

"म्हणजे ढग बघितले तरी बायकांच्या खात्यात जमा?"

"जाहिरात बायकांची असेल तर हो."

"आणि ते सात तास?"

"दोन हिटमध्ये थोडंच अंतर असेल, तर माणूस मधला वेळ तिथेच होता असं आम्ही धरतो."

"धरता? कशावरून?"

"अंदाज असतो तो. पान दोनवर तळटीप आहे."

नोएलीनने पान दोन डोळ्यांजवळ धरलं. तळटीप होती खरी. मुंगीने सही केल्यासारखी.

"मग माणूस खरंच गेला होता हे ओळखायचं कसं?"

"तिथे त्याने काही टाइप केलं का बघायचं. नाव नोंदवलं, काही शोधलं. जाहिरात काही स्वतःहून अर्ज भरत नाही."

फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं, पिमला हे तोंडी सांगून उपयोग नाही. त्याला चकतीच दाखवायला हवी. मंगळवारी सकाळी तिने आपल्या संगणकावर तेच रडारचं पान उघडलं, खिडकी कोपऱ्यात सारली, वर 'हात लावू नका' अशी चिठ्ठी चिकटवली आणि आपल्या कामाला लागली. शुक्रवारी तिच्या नावापुढेही गुलाबी तुकडा येईल, मग तो ती पिमच्या नाकासमोर धरेल, असा बेत होता. बेत उत्तम होता. त्यात एवढंच विसरलं होतं की अहवाल आपोआप जातो.

शुक्रवारी तो गेला. पहिला, एम. हॉस्किंग. दुसरी, एन. ट्रास्क. प्रकार दोघांचा एकच. तास जवळजवळ सारखे.

ग्लेनिस धावत आत आली. तिने दार लावून घेतलं, हे तिच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच घडलं. "नोएलीन! अगं मला तरी सांगायचंस!"

"काय सांगायचं? तो प्रयोग होता."

"हो गं, प्रयोगच म्हणायचा. सगळ्यांचाच असतो." ग्लेनिसचे डोळे पाणावले होते. "इतकी वर्षं एकटी राहिलीस! आणि बघ ना, तो तिकडे शोधतोय, तू इकडे शोधतेयस, डेपो आणि कचेरीच्या मध्ये फक्त पाण्याची टाकी. एकमेकांना सापडलात का?"

"ग्लेनिस, मी ढग बघत होते."

"कुठल्या टोपणनावाने?"

इथे नोएलीनने हात टेकले. गाव आता तिच्याकडे असं बघू लागलं, जसं आजारातून उठलेल्या माणसाकडे बघतात. बेकरीवाल्याने तिला लॅमिंग्टन केक फुकट दिला. पोस्टातल्या पोराने विचारलं, लग्न इथेच का क्वीन्सलँडला. "क्वीन्सलँडला आधीच एक झालंय," असं म्हणून ती निघाली. रविवारी ती घराबाहेर पडलीच नाही.

मंगळवारी दुपारी सभा भरली. एरवी प्रेक्षकांच्या बाकांवर एक म्हातारा झोपायला यायचा. त्या दिवशी बाकं भरली, लोक भिंतीला टेकून उभे राहिले, आणि ग्लेनिसने काउंटरला कुलूप लावून पहिल्या रांगेत जागा धरली. मेयर बर्नी कोल्डरवुडने रस्त्यांचा विषय उरकला, कचऱ्याचा पुढे ढकलला आणि घसा खाकरला.

"इंटरनेट अहवाल," तो म्हणाला. "मिस्टर पिम."

पिमने चकती भिंतीवर मोठी करून दाखवली. गुलाबी तुकडा माणसापेक्षा उंच झाला. मागून कुणीतरी शीळ घातली.

नोएलीन उभी राहिली. "मला बोलायचंय. या सभागृहात सगळ्यांना वाटतंय की हिट म्हणजे भेट. तर ऐका. मी बेकरीत जाते. एकदाच. एक सॉसेज रोल घेते. त्याबरोबर कागदी पिशवी येते, सॉसची पुडी येते, कागदी रुमाल येतो. शिवाय दारातून माझ्याबरोबर एक माशी आत शिरते. भेटी किती झाल्या?"

"एक," डॉट मॅकिल्रेथ म्हणाली. ती ऐंशी वर्षांची, कौन्सिलची सर्वांत जुनी सदस्य, आणि सभेत विणकाम करण्याची परवानगी तिने स्वतःच स्वतःला दिली होती.

"बरोबर. पण हा कागद पिशवी मोजतो, पुडी मोजतो, रुमाल मोजतो. माशीसुद्धा मोजतो! मर्व्ह दिवसभर ढगांचं पान उघडं ठेवतो, आणि त्यात ज्या बायका येतात त्या म्हणजे ती माशी. त्याने बोलावलेली नाही."

"बायकांना माशी म्हणू नकोस," डॉट टाके मोजत म्हणाली.

"पण सात तास?" पिमने विचारलं. "वेळ तर वेळ आहे."

नोएलीन या प्रश्नाचीच वाट बघत होती. ती मेयरकडे वळली. "बर्नी, गेल्या हिवाळ्यात तुझी पिकअप रात्रभर क्लबासमोर उभी होती. तू रात्रभर पीत होतास?"

"बॅटरी गेली होती!" मेयर खुर्चीतून अर्धा उठला. "मी नऊ वाजता चालत घरी गेलो! किती वेळा सांगू!"

"बघा. गाडी उभी होती, म्हणून गावाने रात्रभर मोजली."

"माझ्या बायकोनेही," मेयर कडवटपणे म्हणाला.

सभागृह खदखदून हसलं. पिमसुद्धा हसला, आणि त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं. तो माणूस वाईट नव्हता. आकड्यांवर त्याचा जीव होता, म्हणून ते चुकलेले त्याला बघवत नसत. "म्हणजे गाडी नाही, माणूस बघायचा," तो मान हलवत म्हणाला. "बरोबर आहे. मग माणूस ओळखायचा कसा?"

"सोपं आहे," नोएलीन म्हणाली. विजय तिच्या आवाजात मावत नव्हता. "त्याने हाताने काही टाइप केलं का ते बघायचं. नाव नोंदवलं का, काही शोधलं का. जाहिरात काही स्वतःहून अर्ज भरत नाही. आणि मी या सभेपुढे शपथेवर सांगते, मर्व्ह हॉस्किंगने त्या ठिकाणी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही."

पिम एव्हाना लॅपटॉपमध्ये शिरला होता. शिकलेलं लगेच करून बघायची त्याला हौस. त्याने दोन कळा दाबल्या आणि भुवया वर गेल्या.

"मागच्या दोन आठवड्यांत तसं काही नाही," तो म्हणाला. "अगदी खरं आहे तुमचं."

"झालं तर मग."

"पण काल आहे."

डॉटच्या सुया थांबल्या.

"काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत," पिम वाचत होता, "डेपोतला संगणक. नवीन नाव नोंदवलं. मग शोध घेतला. एकदा. परत एकदा. चांगली वीस मिनिटं." त्याने प्रामाणिक कौतुकाने मान वर केली. "ही खरी भेट दिसते!"

ग्लेनिसने दोन्ही हात तोंडावर घेतले. नोएलीनचे कान तापले. ती तशीच उभी राहिली, कारण बसायचं कसं ते तिला आठवेना.

मेयरने सदस्यांकडे बघितलं, सदस्यांनी छताकडे. शेवटी पिमच म्हणाला, की सुट्टीची वेळ असली तरी असली ठिकाणं निषिद्ध यादीत आहेत, तेव्हा नियमाप्रमाणे तोंडी ताकीद, लेखी नको.

"ती मी देते," नोएलीन म्हणाली. तिचा स्वर ऐकून मेयरला हॉस्किंगची दया आली.

ती डेपोत पोचली तेव्हा मर्व्ह रस्ता सपाट करायच्या ग्रेडर यंत्राच्या पात्याला तेल लावत होता. कुत्रा तिला बघून ग्रेडरखाली गेला. कुत्र्याला कळतं.

"मर्व्ह हॉस्किंग! अख्ख्या गावासमोर मी शपथ घेतली! पाऊल टाकलं नाही म्हणाले! आणि तू काल दुपारी डबा खाता खाता बायका शोधत होतास?"

मर्व्हने फडकं खाली ठेवलं. "बायका नाही," तो म्हणाला. "बाई."

"कोण बाई?"

तो पात्याकडे बघत राहिला. नोएलीनने कमरेवर हात ठेवले. घाई न करता बोलणाऱ्या माणसासमोर उभं राहणं किती कठीण असतं, ते तिला त्या दिवशी कळलं.

"ग्लेनिस म्हणाली, तू तिथे आहेस," मर्व्ह म्हणाला. "म्हणून गेलो. तुला शोधायला."

नोएलीनचे हात कमरेवरून आपोआप खाली आले. हेही पहिल्यांदाच घडत होतं.

"नाव आधी माझं द्यावं लागतं," तो पुढे म्हणाला. एकदा सुरुवात झाली म्हटल्यावर तो उतारावरच्या ट्रकसारखा आपल्याच वजनाने चालला होता. "मग विचारतात, कशी पाहिजे. मी लिहिलं, उंच. त्यांना अजून पाहिजे होतं. मी लिहिलं, रागीट. खडीचे भाव माहीत असलेली."

"रागीट?"

"मग म्हणाले, पाचशे किलोमीटरमध्ये अशी कुणी नाही. मला वाटलं काहीतरी चुकलं. परत टाकलं. परत नाही म्हणाले." त्याने डोकं खाजवलं. "मग एक तुरुंगातली बाई दाखवली. दक्षिणेकडची. मी बंद केलं."

नोएलीन उलट्या घातलेल्या बादलीवर बसली. तिला हसू येत होतं आणि ते कुठून बाहेर काढावं कळत नव्हतं. "अरे मूर्खा, मी तिथे नव्हतेच. मी ढग बघत होते. तुला सोडवायला!"

"अस्सं," मर्व्ह म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे तू शोधत नव्हतीस."

"नव्हते."

"बरं."

त्याने पुन्हा फडकं उचललं. ग्रेडरखालून कुत्र्याने नाक बाहेर काढलं. नोएलीनने त्या रुंद पाठीकडे बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं की आता आपण काही बोललो नाही, तर हा माणूस पुढची सहा वर्षं वाऱ्याबद्दल बोलेल.

"मला तुला ताकीद द्यायची आहे," ती म्हणाली. "कौन्सिलच्या वतीने. तोंडी. पण उपाशीपोटी देता येत नाही. क्लबातलं चिनी हॉटेल साडेसहाला उघडतं."

मर्व्ह वळला. "शर्ट बदलू?"

"बदल."

साडेसहाला तो आला तेव्हा शर्ट इस्त्रीचा होता, पण इस्त्री पाठीपर्यंत पोचलेली नव्हती. क्लबात त्या संध्याकाळी एकही टेबल रिकामं नव्हतं. मंगळवारी लोक चिनी खात नाहीत, पण त्या दिवशी सगळ्यांना एकदम भूक लागली होती. ग्लेनिस खांबाच्या आड बसली होती. तिला वाटत होतं ती दिसत नाही. मेयरही बायकोला घेऊन आला होता, पिकअप घरी ठेवून.

नोएलीनने आंबटगोड डुकराचं मांस मागवलं आणि ताकीद सुरू केली. कौन्सिलच्या संगणकाचा वापर कौन्सिलच्या कामासाठीच करावा. मर्व्ह म्हणाला, बरोबर आहे. निषिद्ध ठिकाणी नाव नोंदवू नये. बरोबर आहे. मग भात आला आणि ताकीद तिथेच राहिली. मर्व्हने जॉइसबद्दल सांगितलं, ती गेल्यावर त्याला भाजलेलं मटण कसं करतात ते मेंढपाळाच्या बायकोकडून शिकावं लागलं, ते सांगितलं. नोएलीनने रॉसची गोष्ट सांगितली, आणि त्या आंघोळवाल्या बाईच्या व्हॅनवर कुत्र्याचं जे चित्र होतं त्याचा चेहरा हुबेहूब रॉससारखा होता, हेही. मर्व्ह इतका हसला की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने उठून त्याच्या पाठीत थोपटलं. त्याला वाटलं घास अडकला. मर्व्हला हसताना तिथल्या कुणी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिम कॉफीचा कप घेऊन नोएलीनच्या दारात आला. अहवालातला मोठा आकडा आता भेटींचा असेल, हिट खाली बारीक अक्षरांत जातील आणि ईमेल सदस्यांना आपोआप जाणार नाही, असं त्याने सांगितलं. त्याने हे सगळं स्वतःहून केलं होतं, आणि ते नोएलीनला आवडलं. मग त्याने फाइल उघडली.

"नोंद करायची आहे. हॉस्किंगना ताकीद दिलीत?"

"दिली."

"किती वेळ लागला?"

नोएलीनने जरा आठवून बघितलं. "तीन तास."

पिमने लिहिता लिहिता मान वर केली. "तीन तास! एवढ्या साध्या गोष्टीला?"

"माणूस हट्टी आहे," नोएलीन म्हणाली. "शनिवारी परत द्यावी लागणार आहे."